डोळस वास्तू
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी हळदीकुंकू, गाणी, पाककृतींची स्पर्धा असा आनंदाचा कार्यक्रम असताना मध्येच एक भाषण ऐकावे लागणे ही थोडी शिक्षाच असते. तरीही चिटणीसबाईंनी मला अर्धा तास दिला, ह्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते अशा माणसांना आपल्या इमारतीतून, जिन्यातून आणि गल्लीतून निर्धास्तपणे वावरता यावे म्हणून आपण काय करू शकतो, हा माझा आजचा विषय आहे.

विषय ऐकून कोणी म्हणेल, ‘हे काम सरकारचे, नाही तर वास्तुविशारदांचे, त्यात आपण बायकांनी काय करायचे?’ पण भगिनींनो, आज आपल्या मुलुंडमध्ये जिकडे जावे तिकडे पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. ज्या तीनमजली, चारमजली इमारतींत आपण लग्न होऊन आलो, त्या पाडून तेथे उंच इमारती उठत आहेत. त्यांचे नकाशे सोसायटीच्या सभेत आपल्यापुढे मांडले जातात आणि आपण सह्या करतो. सही करताना आपण काय विचारतो? क्षेत्रफळ किती वाढले, धुण्याभांड्यांना वेगळी जागा आहे का, गाडी कोठे उभी राहील. पायरीची कड म्हातारपणी दिसेल का, हे मात्र कोणी विचारीत नाही. इमारत एकदा उभी राहिली की पुढची चाळीस-पन्नास वर्षे तिच्याशी जमवून घ्यावे लागते. म्हणून हा विषय आजच बोलावयास हवा.

मी वास्तुविशारद नव्हे. शाळेत शिकविण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर मी अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून परीक्षांना बसते. म्हणजे विद्यार्थी उत्तर सांगतो आणि मी ते लिहून देते. आपल्यापैकी काही भगिनीही हे काम करतात. ह्या मुलांच्या सहवासात एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. त्यांना पेपर अवघड वाटत नाही. परीक्षेच्या खोलीपर्यंत पोहोचणे अवघड वाटते. ते अवघड का असते, हे डोळसांना समजावे कसे?

ह्यासाठी एक जुनी युक्ती आहे, आणि ती आपण लहानपणी खेळलेल्या आंधळ्या कोशिंबिरीसारखीच आहे. डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि रोजच्या जागेतून चालून पाहायचे. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी एक साधन-केंद्र सुरू झाले. ह्या केंद्राने ‘अंतर्चक्षु’ नावाचा एक उपक्रम चालविला. त्यात येणाऱ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना बाजार, बँकेचे पैसे काढण्याचे यंत्र, रेल्वे यांसारख्या रोजच्या व्यवहारांच्या प्रतिकृतींतून नेतात. भाजी निवडायची, नोट ओळखायची, यंत्राची बटणे चाचपायची. पाच मिनिटांपूर्वी ज्या गोष्टी आपण विचारही न करता करीत होतो, त्या एकाएकी कोड्यासारख्या होतात.

नोटेचेच पाहा. आज चालणारी दोनशेची नोट १४६ मिलिमीटर लांब आहे आणि पाचशेची १५०. रुंदी दोन्हींची सारखीच. फरक अवघा चार मिलिमीटरांचा, म्हणजे दोन-तीन ज्वारीचे दाणे एकमेकांवर ठेवावेत एवढाही नाही. नोटेच्या कडेला उठावाच्या रेघा असतात, पण नोट चार हातांतून फिरून चुरगळली की त्या बोटांना लागेनाशा होतात. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२० च्या जानेवारीत ‘मनी’ नावाचे ॲप काढले. मोबाईल नोटेसमोर धरला की तो किंमत बोलून दाखवितो. सोय चांगली आहे, पण भाजीवालीपुढे दहा माणसे खोळंबलेली असताना प्रत्येक नोट मोबाईलला दाखविणे किती जमेल, ह्याचा विचार आपणच करावा.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या आठ भगिनींनी हाच प्रयोग आपल्याच वाटेवर केला. सोसायटीच्या फाटकापासून पहिल्या मजल्यावरच्या ह्या सभागृहापर्यंत यायचे. एकीच्या डोळ्यांवर पट्टी आणि दुसरी सोबतीला. डोळे उघडे असता ह्या वाटेला दोन मिनिटे लागतात. पट्टी बांधल्यावर सर्वांत लवकर आलेल्या भगिनीला नऊ मिनिटे लागली आणि दोघींनी अर्ध्या वाटेवर पट्टी सोडली. वाटेत काय काय आडवे आले, त्याची आम्ही यादीच केली. फाटकाच्या आत लगेच तिरक्या लावलेल्या स्कूटर. तळमजल्याच्या खिडकीचे बाहेर उघडणारे झडप, बरोबर कपाळाच्या उंचीवर. वातानुकूलन यंत्राची बाहेर आलेली पेटी. तुळशीच्या आणि शोभेच्या कुंड्या, ज्या दर आठवड्याला जागा बदलतात. दाराशी चार पायऱ्या, त्यांना एकाच बाजूला कठडा आणि तोही शेवटच्या पायरीच्या आधीच संपलेला. लिफ्टची बटणे अगदी गुळगुळीत. तळमजला कोणता आणि धोक्याची घंटा कोणती, बोटांना काही कळत नाही.

ही यादी मोलाची आहे. पंचवीस-तीस वर्षे आपण ह्या वाटेने जा-ये करीत आहोत, पण खिडकीचे झडप आपल्याला कधी दिसले नव्हते, कारण ते दिसत असल्यामुळे आपण आपोआप वाकत होतो.

परंतु, भगिनींनो, येथे मला एक सावधगिरीची गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती आजच्या भाषणातली मुख्य गोष्ट आहे. पट्टी सोडल्यावर आमच्यातल्या बहुतेकजणी एकच वाक्य बोलल्या: ‘अगबाई, ही माणसे जगतात तरी कशी! बिचारी!’ हे उद्गार प्रेमाने निघतात, पण ते खरे नसतात. नऊ मिनिटांच्या पट्टीने आपल्याला अंधत्व कळत नाही, अंधत्वाचा पहिला धक्का तेवढा कळतो. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलले तर त्याला बुडणे कळेल, पोहणे कळणार नाही. दृष्टिहीन माणूस चालायला शिकलेला असतो. काठी कशी फिरवायची, कान कसे लावायचे, पायाखालच्या जमिनीतला फरक कसा ओळखायचा, ह्याची विद्या त्याच्यापाशी असते. ती पट्टीबरोबर येत नाही.

हा नुसता माझा तर्क नाही. अमेरिकेतील एरिएल सिल्व्हरमन ह्या मानसशास्त्रज्ञ बाई स्वतः दृष्टिहीन आहेत. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांना पट्टी बांधून कामे करावयास लावली आणि नंतर विचारले की, अंध माणूस नोकरी करू शकेल काय, स्वतंत्रपणे राहू शकेल काय? ज्यांनी पट्टी बांधली होती, त्यांनी अंधांची पात्रता पट्टी न बांधलेल्यांपेक्षा कमी लेखली. म्हणजे दया वाढावी म्हणून केलेला प्रयोग विश्वास कमी करून बसला! आणि विश्वास कमी झाला की त्याचा परिणाम दूरवर जातो. अंध मुलीला नोकरी द्यावी की नाही, तिला खोली भाड्याने द्यावी की नाही, तिचे लग्न आपल्या मुलाशी करावे की नाही, हे ठरविणारी माणसे आपल्यासारखीच असतात.

आपल्या महाभारतात ह्याचे फार जुने उदाहरण आहे. गांधारीने जन्मभर डोळ्यांवर पट्टी बांधली. तिच्या पातिव्रत्याची आपण थोरवी गातो, परंतु तिच्या पट्टीमुळे धृतराष्ट्राला हस्तिनापुरातली एक पायरीही अधिक सोपी झाली नाही. घरात एका दृष्टिहीनाच्या जागी दोघे झाले, इतकेच. आपण पट्टी बांधून हळहळत बसलो तर आपलीही गांधारीच होईल. म्हणून पट्टी बांधावी ती जागेची परीक्षा घेण्यासाठी. माणसाची परीक्षा तिने होत नाही.

जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात १९८८ साली आंद्रेयास हायनेके ह्या गृहस्थांनी ‘अंधारातील संवाद’ नावाचे एक प्रदर्शन सुरू केले. पूर्ण काळोख केलेल्या दालनांतून प्रेक्षकांना न्यावयाचे, आणि नेणारे वाटाडे मात्र दृष्टिहीन! हे प्रदर्शन पुढे अनेक देशांत गेले. आपल्याकडे हैदराबादेतही आले. त्यातली खुबी अशी की, काळोखात डोळस माणूस लटपटतो आणि अंध माणूस त्याचा हात धरून सहज पुढे नेतो. प्रेक्षक बाहेर पडतो तो कणव घेऊन नव्हे, तर आदर घेऊन.

आम्हीही शेवटी तेच केले. आपल्याच वसाहतीत बँकेतून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांना आम्ही विनंती केली की, तीच वाट तुम्ही चालून दाखवा. पांढरी काठी घेऊन त्या आल्या आणि फाटकापासून सभागृहापर्यंत त्यांना तीन मिनिटे लागली. आम्ही थक्क झालो. त्या हसून म्हणाल्या, “त्यात काय मोठेसे? डाव्या हाताला पंपाची घरघर ऐकू येते तोवर भिंत आहे. घरघर मागे पडली आणि वारा लागला की वळायचे. पुढे गिरणीतल्या पिठाचा वास आला तर समजायचे की वळण चुकले.” ज्या वाटेवर आम्हाला नुसता काळोख लागला होता, तेथे त्यांना खुणाच खुणा होत्या.

आमची यादी आम्ही त्यांना वाचून दाखविली. कुंड्या आणि स्कूटर ह्यांना त्यांनी फारसे महत्त्व दिले नाही. “जमिनीवरचे काठीला सापडते,” त्या म्हणाल्या, “माझी भीती वरच्या वस्तूंची.” ही गोष्ट आमच्यापैकी एकीलाही सुचली नव्हती. काठी कमरेच्या खालचे सांगते. खिडकीचे झडप, वातानुकूलनाची पेटी, उघडा जिना जेथे खाली उतरत येतो तो कोपरा, झाडाची लोंबती फांदी, हे काठीला कळतच नाही; ते थेट कपाळाला कळते. दुसरी भीती त्यांनी सांगितली ती विजेवर चालणाऱ्या स्कूटरची. जुन्या स्कूटरचा आवाज दहा घरांवरून येई. ह्या नव्या गाड्या मांजरीच्या पावलांनी येतात. वसाहतीच्या आत त्या सावकाश चालवा आणि वळणावर भोंगा वाजवा, एवढेच त्यांचे मागणे आहे.

पाहा, एका तासात कारण उलगडले. पट्टीने आम्हाला प्रश्न दिले आणि उत्तरे मात्र त्या बाईंनी दिली. म्हणून नव्या इमारतीचा नकाशा आला की, पट्टी बांधून फिरण्यापूर्वी किंवा फिरल्यानंतर, वसाहतीतल्या दृष्टिहीन माणसाला सभेत बोलावून नकाशा वाचून दाखविणे, ही पहिली पायरी समजावी.

ज्यांना अजूनही ‘बिचारी’ म्हणावेसे वाटत असेल त्यांच्यासाठी आपल्या मध्य रेल्वेच्याच मार्गावरचे एक उदाहरण देते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील ह्यांची दृष्टी लहानपणीच गेली. त्या दादरच्या कमला मेहता अंध शाळेत शिकल्या. ही शाळा १९०० साली ॲना मिलार्ड ह्या अमेरिकन मिशनरी बाईंनी सुरू केली. म्हणजे मुंबईत अंध मुलींच्या शिक्षणाला सव्वाशे वर्षांची परंपरा आहे. पुढे त्या झेवियर्समध्ये आणि दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात शिकल्या. २०१६ मध्ये केंद्रीय लोकसेवा परीक्षेत त्या उत्तीर्ण झाल्या, पण पूर्ण अंध म्हणून रेल्वेच्या लेखासेवेत त्यांना घेतले गेले नाही. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली, १२४ वा क्रमांक मिळविला आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरम येथे उपजिल्हाधिकारी म्हणून पदभार घेतला. कॉलेजच्या दिवसांत ही मुलगी उल्हासनगरहून लोकलने ये-जा करीत असे. आपल्या फलाटांवरच्या गर्दीतून जिने वाट काढली, तिला आपल्या सोसायटीच्या चार पायऱ्या काय अडविणार? पण अडवू नयेत, हे पाहणे आपले काम.

आता दुसरा मुद्दा. आपण ‘अंध’ म्हटले की डोळ्यांपुढे काळी पट्टीच येते. प्रत्यक्षात ज्यांना मुळीच दिसत नाही त्यांच्यापेक्षा ज्यांना थोडे, अंधुक, अर्धवट दिसते अशी माणसे कितीतरी अधिक आहेत. २०१५ ते २०१९ ह्या काळात आपल्या देशात जी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू आढळले. सुमारे दोन-तृतीयांश अंधत्व त्याचेच होते, आणि ते शस्त्रक्रियेने टळण्यासारखे आहे. त्याखेरीज काचबिंदू आहे, मधुमेहाने होणारा पडद्याचा विकार आहे, वार्धक्याने पडद्याच्या मध्यभागी होणारी झीज आहे. ह्या सभागृहात साठी ओलांडलेल्या भगिनी किती आहेत, हे मी विचारीत नाही. पण हा प्रश्न परक्यांचा नाही, एवढे आपल्या ध्यानात आले असेल.

हे अंधुक दिसणे समजावून घेण्याचा घरगुती उपाय सांगते. जुन्या चष्म्याच्या काचांवर बटरपेपर चिकटवा. मोतीबिंदू झालेल्याला जग साधारण कसे दिसते ते कळेल. दोन्ही डोळ्यांसमोर कागदाच्या बारीक नळ्या धरा. पुढे गेलेल्या काचबिंदूची कल्पना येईल. काचेच्या मध्यभागी काळा ठिपका लावा; समोरच्याचा चेहरा नाहीसा होतो आणि कडेचे तेवढे दिसते. असा चष्मा लावून, कोणाचा तरी आधार घेऊन, जिना उतरून पाहा. गुळगुळीत, एका रंगाच्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या एकच उतरती घसरगुंडी दिसू लागतात. वरच्या दिव्याचा लखलखाट लादीत पडला की पाणी सांडल्याचा भास होतो. ज्या झिलईला आपण श्रीमंती समजतो, ती आपल्याच सासूबाईंचे खुब्याचे हाड मोडू शकते.

ह्यावरचे उपाय महागडे नाहीत, ही समाधानाची गोष्ट आहे. काही तर आपल्या रोजच्या प्रवासात आपण पाहतोच. घाटकोपरहून अंधेरी-वर्सोव्याला जाणारी मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. तिच्या स्थानकांत जमिनीवर पिवळ्या उठावाच्या लाद्या आपण पाहिल्या असतील. पुष्कळांना वाटते की त्या शोभेच्या किंवा पाय घसरू नये म्हणून आहेत. त्या लाद्या म्हणजे पायांनी वाचावयाची लिपी आहे. जपानमधील सेइइची मियाके ह्या गृहस्थांनी १९६५ साली ती शोधून काढली आणि १९६७ च्या मार्चमध्ये ओकायामा शहरात एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती प्रथम बसविली गेली. लिपी अगदी सोपी आहे. लांब रेघा असल्या की ‘सरळ चला’, आणि गोल ठिपके असले की ‘थांबा, पुढे धोका किंवा वळण आहे’. पिवळा रंग अंधुक दिसणाऱ्यांसाठी. आता ह्या लाद्यांवर कोणी बॅगा ठेवून उभा राहिला, किंवा फेरीवाल्याने टोपली मांडली, तर त्याने लिहिलेल्या अक्षरांवर शाई सांडल्यासारखे होते. काही पदपथांवर ह्या लाद्या थेट विजेच्या खांबाला किंवा झाडाला जाऊन भिडतात. बसविणाऱ्याला लिपी ठाऊक नसली की असे होते.

लोकलच्या अनेक फलाटांवर अपंगांचा डबा जेथे थांबतो तेथे एक बारीक आवाज सतत वाजत असतो. तो दृष्टिहीन प्रवाशांना डब्याची जागा सांगतो. गाडीत पुढच्या स्थानकाचे नाव तीन भाषांत पुकारले जाते. ही पुकारणी अंधांच्या फार उपयोगाची. पण गर्दीत खिडकीपर्यंत नजर न पोहोचणाऱ्या तुम्हा-आम्हालाही तिचाच आधार असतो. चांगल्या सोयीचे हेच लक्षण आहे. ती एकासाठी करावी आणि दहांना उपयोगी पडावी.

आपल्या नव्या इमारतींच्या नकाशांत काय मागावयाचे, ते आता मोजक्या शब्दांत सांगते. ज्यांच्या सोसायटीत बोलणी चालू आहेत त्या भगिनींनी कृपया टिपून घ्यावे.

पहिली गोष्ट पायऱ्यांची. प्रत्येक पायरीच्या कडेला, दुरून उठून दिसेल अशा विरुद्ध रंगाची सुमारे दोन इंच रुंद पट्टी बसवावी, आणि ती खरखरीत असावी. कठडे दोन्ही बाजूंना असावेत आणि शेवटच्या पायरीच्या पुढे सुमारे एक फूट जावेत, म्हणजे जिना संपल्याचे हाताला कळते. जिन्याच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी ठिपक्यांच्या लाद्यांची एक ओळ हवी.

दुसरी गोष्ट डोक्यावरची. येण्याजाण्याच्या वाटेवर सात फुटांच्या खाली काहीही बाहेर आलेले नसावे. जिन्याखालची मोकळी जागा कट्टा किंवा कुंडी घालून बंद करावी, म्हणजे कोणी नकळत तेथे शिरणार नाही.

तिसरी गोष्ट लिफ्टची. बटणे उठावाच्या आकड्यांची आणि ब्रेल ठिपक्यांची असावीत. मजल्याचे नाव बोलून सांगणारा आवाज असावा. हल्ली काचेसारख्या सपाट, नुसत्या स्पर्शाने चालणाऱ्या पट्ट्या बसविण्याची हौस आहे. त्या दृष्टिहीनाला निरुपयोगी असतात, कारण बटण शोधू गेले की ते दाबलेच जाते.

चौथी गोष्ट उताराची. एक फूट उंची चढावयाची तर उतार निदान बारा फूट लांब पाहिजे. त्याहून उभा उतार चाकाच्या खुर्चीलाही धोक्याचा आणि काठीलाही. फाटकापासून दारापर्यंत पायी चालण्याची वाट गाड्यांच्या वाटेपासून वेगळी, तिच्याहून निराळ्या पोताची असावी.

पाचवी गोष्ट उजेडाची आणि पाट्यांची. उजेड सगळीकडे सारखा पडावा. कोठे झगझगाट आणि कोठे काळोख असे नसावे. मजल्यांचे आकडे आणि घरांचे क्रमांक मोठे, ठळक, गडद रंगावर फिकट किंवा फिकटावर गडद असे असावेत. सोनेरी भिंतीवर सोनेरी अक्षरे काढून कोणाचेही भले होत नाही.

हे सर्व नकाशाच्या वेळी मागितले तर त्याचा खर्च इमारतीच्या एकूण खर्चात उठूनही दिसत नाही. इमारत झाल्यावर मागितले की फोडाफोडी आली, आणि फोडाफोडी म्हटली की सोसायटीत भांडणे आली.

कायदाही आपल्या बाजूचा आहे. १९९५ साली अपंगांसाठी पहिला सर्वंकष कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने घेतली. जनतेच्या वापराच्या इमारती, वाहने, माहितीची साधने सर्वांना वापरता येतील अशी असावीत, असे हा कायदा सांगतो. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी ह्यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, ह्या बाबतीतले नियम नुसत्या शिफारशींच्या स्वरूपाचे असून चालणार नाहीत. ते बंधनकारक असले पाहिजेत. रतुरी हे स्वतः दृष्टिबाधित आहेत. म्हणजे तेथेही अनुभव ज्याचा, त्यानेच दार ठोठावले. परंतु कायदा आपल्या जिन्यापर्यंत यायला वेळ लागतो. सभेत हात वर करणारी एक बाई त्याहून लवकर पोहोचते.

शेवटी दोन शब्द वागणुकीविषयी, कारण लादीपेक्षाही माणूस अधिक मऊ असतो. दृष्टिहीन व्यक्ती रस्ता ओलांडताना दिसली तर एकदम दंड धरून ओढू नये. आधी विचारावे, “मदत हवी आहे का?” हवी असेल तर आपला कोपर पुढे करावा, ती धरील आणि अर्धे पाऊल मागून चालेल. पायरी आली की “पायरी वर” किंवा “पायरी खाली” असे सांगावे. “इकडे”, “तिकडे”, “तेथे” हे शब्द तिला काही सांगत नाहीत. “उजव्या हाताला, चार पावलांवर” हे सांगते. बोलण्याआधी आपले नाव सांगावे आणि निघताना निघाल्याचे सांगावे, नाहीतर ती बिचारी... पाहा, हा शब्द कसा जिभेवर येतो! नाहीतर ती व्यक्ती रिकाम्या हवेशी बोलत राहते. आणि तिच्याविषयीचा प्रश्न तिलाच विचारावा, तिच्या सोबतच्या माणसाला नव्हे. “ह्यांना चहात साखर चालते का?” हा प्रश्न आमच्या त्या बँकेतल्या बाईंना आजवर इतक्यांदा ऐकावा लागला आहे की, त्या म्हणतात, “माझे डोळे गेले आहेत, जीभ शाबूत आहे.”

मंडळाच्या वाचनालयासाठीही एक सूचना आहे. ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक स्वागत थोरात ह्यांनी २००८ च्या फेब्रुवारीत सुरू केले. आपल्या वाचनालयाच्या टेबलावर ब्रेलमधील काही मजकूर असावा, आणि आपल्यापैकी ज्यांचा आवाज स्वच्छ आहे त्यांनी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करावीत, असे मला वाटते. लेखनिकांची तर नेहमीच उणीव असते. परीक्षेच्या दिवसांत दोन-तीन सकाळी देता येतील अशा भगिनींनी आपली नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत.

आता ठरावाकडे वळते. आमच्या आठ भगिनींनी केलेली यादी, आणि त्या बाईंनी त्यात केलेल्या दुरुस्त्या, अशा दोन्ही आज दाराशी टांगल्या आहेत. माझी सभेला विनंती आहे की, आपण तीन गोष्टी मान्य कराव्यात. ह्या महिन्यात खिडकीचे झडप आत उघडणारे करून घ्यावे आणि पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगवाव्यात. त्याचा खर्च मंडळाच्या शिल्लकेतून व्हावा. स्कूटरची ओळ सरळ ठेवण्यासाठी जमिनीवर रेघ आखून घेण्याचे पत्र सोसायटीला द्यावे. आणि ज्या ज्या सोसायटीत आपल्या सभासद राहतात, तेथे पुनर्विकासाचा नकाशा मंजुरीला आला की, आता सांगितलेल्या पाच गोष्टी लेखी मागाव्यात व मिळाल्याखेरीज सही करू नये.

ठराव मांडण्यासाठी मी उभी आहे. अनुमोदन त्या बँकेतल्या बाई देणार आहेत. त्या पहिल्या रांगेत बसल्या आहेत आणि व्यासपीठाच्या पायऱ्या त्यांनी मघाशीच मोजून ठेवल्या आहेत. त्यांना यावयास वाट मोकळी असावी म्हणून मधल्या खुर्च्या थोड्या बाजूला घ्याव्यात, एवढी विनंती.